कॅलेंडरवरचे खाडे

तात्यामामांनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि एप्रिल महिना उलटला. बोटाला भज्यांचं तेल होतं, त्यामुळं मे महिन्याच्या कोपऱ्यावर पिवळा डाग पडला.

"हे गोल कशाचं रं?" त्यांनी विचारलं.

"झालं त्या दिवसाचं," माझा नवरा खाली बघत म्हणाला.

"आन् ही फुली?"

"खाडा."

"म्हंजे तिनं नको म्हटलं त्यो दिवस."

"होय."

"आन् ही आडवी रेघ?"

"त्या दिवशी ती दिवसभर आडवी होती. सकाळपासनं उठलीच नाही. डबापण मला आईनं दिला."

तात्यामामांनी मान डोलावली, दुसरं भजं तोंडात टाकलं आणि मे महिना शेजारच्या पाहुण्याकडं सरकवला. पाहुण्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझा मे महिना वाचायला घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बावीस वर्षं झाली त्याला. मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला अडीच वर्षं झाली होती. आजही कुणी बोट ओलं करून कागद उलटायला लागलं की मी तिथून उठते. लोकांना वाटतं, बाई फार नखरेल आहे. वाटू दे.

आम्ही कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. माझा नवरा धैर्यशील कारखान्यात टाइम ऑफिसला होता. नावात धैर्य, अंगात सख्ख्या मामांची भीती. कामगार कधी आला, कधी गेला, कुणी किती खाडे केले, हे सगळं तो हजेरीपत्रकावर मांडायचा. हजर असला की गोल, नसला की फुली. त्याच्या कामाचं साहेब लोक कौतुक करायचे. एक खाडा कधी चुकला नाही म्हणायचे. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायची, आता सांगताना 'तो' म्हणते, तेच सोईचं पडतं.

ही कॅलेंडरं आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलेली असायची. गेल्या वर्षाचं अख्खं आणि यंदाचं फेब्रुवारीपर्यंत. माझी पाळी आली की मी त्या तारखेवर कुंकवाचं बारीक बोट लावायची, आईनं लावलेली सवय. बाकी त्यावर पेन्सिलीचे गोल आणि फुल्या दिसायच्या, त्या मला त्याच्या पाळ्यांच्या वाटायच्या. रात्रपाळी, दिवसपाळी असं काहीतरी असेल. चौदा महिने मी त्या कॅलेंडरखाली पोळ्या लाटल्या. आल्यागेल्यांनी त्याच्याखाली बसून चहा घेतला. बैठकीच्या दिवशी त्यानं वरची पत्र्याची पट्टी उचकटून पानं सुटी केली आणि ऑफिसात लावतात तशी महिन्यावार लावून मामांपुढं ठेवली, तेव्हा मला कळलं, कारखान्यातल्या लोकांबरोबर त्यानं मलाही हजेरीपत्रकावर घेतलं होतं.

बैठक म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. नवराबायकोत बिनसलं की दोन्हीकडची चार माणसं बसवायची, चहा-भजी करायची आणि निकाल लावायचा. भजी त्या दिवशी मीच तळली होती. आत्ती, म्हणजे माझी सासू, सकाळी म्हणाली होती, "कांदा बारीक चिर, तात्याला जाड चालत न्हाई." माझा न्याय करायला येणाऱ्या माणसासाठी मी कांदा बारीक चिरला. ही गोष्ट आठवली की मला सगळ्यांच्या आधी माझाच राग येतो.

गळीत हंगाम चालू होता. साखर निघाल्यावर उरणाऱ्या काळ्या मळीचा आंबूस, कुजकट वास कॉलनीत भरून राहिला होता. कपडे, भांडी, केस, सगळ्याला तो वास. कॉलनीतल्या लोकांना तो येईनासा होतो म्हणतात. मला शेवटपर्यंत येत राहिला.

तळताना आत्ती माझ्याजवळ आली होती. हळू आवाजात म्हणाली, "अगं, दुखतंय म्हणून कुणी नवऱ्याला न्हाई म्हणतं व्हय? आमाला काय गोड लागत हुतं? मी पदर दातात धरून पडायची. सकाळी पदराला दात उमटल्यालं असायचं. कुणाला सांगितलं का?"

"कुणी विचारलं तरी होतं का, आत्ती?"

तिनं झाऱ्यानं भजी हलवली. "कोन इचारतंय?" ती म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर गेली.

आता ती माझ्या मागं उभी होती आणि बाहेर पाहुणा जून महिना बघत होता. माझे वडील, अण्णा, भिंतीला टेकून खाली बसले होते. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते. कुणाच्या घरी खुर्चीवर बसायची त्यांना सवय नव्हती. पानं हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी ती न बघता पुढं दिली. बापाच्या हातात लेकीच्या रात्री द्यायच्या, हे त्या खोलीत कुणालाच वावगं वाटलं नाही.

"मोजलंय का?" दुसऱ्या पाहुण्यानं विचारलं.

"मोजलंय की," धैर्यशील म्हणाला. त्यानं खिशातून कागद काढला. "गेल्या जानेवारीत गोल अकरा, खाडे सहा. जुलैत गोल सात, खाडे तेरा. डिसेंबरात गोल तीन. यंदाच्या फेब्रुवारीत एक." त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं. "पाळीचे दिवस मी सोडून दिलेत. ते धरलेले नाहीत."

"मग? मानूसकी हाय पोरात," तात्यामामा म्हणाले.

मी दाराची कडी घट्ट धरली.

"शैला, भाईर ये," मामांनी हाक मारली. "लाजू नगंस. आमी तुला लेकीच्या जागी मानतो."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. मामांच्या दाढेत कांद्याचा तुकडा अडकला होता, तो ते जिभेनं काढत होते.

"हे बघ पोरी, आमी काय तुझ्यावर आळ घेत न्हाई. एखादीचं अंगच तसं असतंय, थंड. त्याला तू तरी काय करनार? पर पोरानं का म्हणून जन्म जाळावा?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला स्टँपपेपर काढला. "हितं लिवून आनलंय. तू सही कर, अण्णा साक्षीदार म्हणून करत्याल. काडीमोडाचं पुढं वकील बघंल."

मी कागद वाचला. बाकीचं काही लक्षात नाही, एक ओळ पाठ आहे. 'मी माझे पतीस वैवाहिक सुख देण्यास शरीराने व मनाने असमर्थ असून त्यात पतीचा कोणताही दोष नाही.'

"दुखतं मला," मी म्हटलं. "आत दुखतं. मी सांगितलंय ह्यांना. खूपदा सांगितलंय."

"कॉलनीतल्या डॉक्टरनं तपासलंय तिला," धैर्यशील मामांकडं बघून म्हणाला. "काही नाही म्हणाले. लग्नानंतर होतं बायकांना, मूल झालं की जातं म्हणाले."

त्या डॉक्टरनं मला हातही लावला नव्हता. टेबलापलीकडून दुखणं थांबायची गोळी लिहून दिली आणि हसत म्हणाला, "नवीन नवीन घाबरायला होतं." नवीन नव्हतं. तोपर्यंत दीड वर्ष झालं होतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हवं होतं. हे मी आज सांगू शकते. तेव्हा ते मनातसुद्धा म्हणायची चोरी होती. साखरपुडा झाल्यावर मी धैर्यशीलच्या हातांचा विचार करत जागी राहायची. लांब बोटं होती त्याची, नखं नीट कापलेली. पहिल्या रात्री दुखलं, ते मी धरूनच चालले होते. दहाव्या रात्रीही दुखलं. पन्नासाव्या रात्रीही. आत खोल कुठंतरी, खुपसल्यासारखं, आणि मग ते कमरेत उतरायचं, मांडीत उतरायचं, दुसऱ्या दिवशी संडासला बसतानासुद्धा घाम फुटायचा. पुढं पुढं तो जवळ सरकला की माझं अंगच आवळून यायचं, मी काही न करता. मग त्याला राग यायचा. "मी काय वाघ आहे का?" म्हणायचा. मला वाटायचं, खोट माझ्यातच असेल. थंड असेन मी. वाचलेल्या सगळ्या मासिकांत बाकीच्या बायकांना सुखच होत होतं.

"सही कर बाळ," अण्णा म्हणाले. तोंड उघडून ते तेवढंच बोलले. "सही कर आणि घरी चल."

ते मायेनं म्हणाले, हे मला तेव्हाही कळत होतं. लेकीची पानं हातोहात फिरताना त्यांना बघवत नव्हतं. तरी त्या क्षणी मला त्यांचीही किळस आली. हे लिहायला आजही जड जातं, पण आली.

मी पेन घेतलं. सही करायला कागद कशावर तरी ठेवायला हवा होता, म्हणून खाली बसले आणि समोर पसरलेली पानं बाजूला सारू लागले. तेव्हा ती पानं मी पहिल्यांदा एकापाशी एक बघितली.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. माझी कुंकवाची बोटं आणि त्याच्या फुल्या. पहिल्या तीन महिन्यांत फुल्या कुंकवाच्या आजूबाजूलाच होत्या, तीन दिवस आधी, दोनतीन दिवस नंतर. मधले दिवस मोकळे. एप्रिलपासून त्या पसरायला लागल्या. आधी दोन्हीकडं पाचपाच दिवस, मग आठआठ. दिवाळीपर्यंत एका कुंकवापासून दुसऱ्या कुंकवापर्यंत फुल्याच फुल्या. आणि जिथं जिथं गोल होता, तिथं पुढच्या तारखेला आडवी रेघ होती. प्रत्येक गोलापुढं. एकही सुटला नव्हता. त्याच्या कामात चूक नसायची.

"मामा," मी म्हटलं, "गोलाच्या पुढची रेघ बघा."

"काय बघू?"

"प्रत्येक वेळेस रेघ आहे. दुसऱ्या दिवशी मी उठले नाही. एकदाही उठले नाही. आणि ह्या फुल्या बघा, पाळीच्या भोवतीनं सुरू झाल्यात. मला मुद्दाम खाडे करायचे असते तर मी असे तारखा बघून केले असते का? मला तर हे खाडे मांडतायत हेच माहीत नव्हतं."

मामांनी पानाकडं बघितलंसुद्धा नाही. "त्येच तर म्हंतोय," ते म्हणाले. "एक दिस नवऱ्याचं केलं की दुसऱ्या दिशी सोंग. हिशेब सरळ हाय की."

पाहुणे हसले. धैर्यशीलही हसला. हलकंच, मामांना बरं वाटावं म्हणून.

मी पेन खाली ठेवलं आणि पानं गोळा करायला लागले. जानेवारी, फेब्रुवारी, एकावर एक.

"काय करतेस?" धैर्यशील म्हणाला. "ठेव ते. पुरावा आहे तो."

"माझ्या अंगाचा आहे."

"मामा, बघा की!"

"ए पोरी, ठेव ते कागद," मामांचा आवाज चढला. "सही कर आधी."

"करणार नाही. मी असमर्थ आहे का आजारी आहे, ते आधी डॉक्टरला विचारते. चांगल्या डॉक्टरला."

"आन् डॉक्टरनं काय न्हाई म्हटलं तर?"

"तर येते परत आणि तुम्ही म्हणाल तिथं सही करते. पानाच्या पाठीमागंसुद्धा करते."

मी मोजली तर पानं तेराच होती. मे महिना दिसेना. मी सगळ्यांच्या मांडीकडं बघत उभी राहिले. कुणी हललं नाही. मग आत्ती दारातून पुढं आली. तिनं मामांच्या पुढचं भज्यांचं ताट उचललं. ताटाखाली मे महिना होता, तेलानं निम्मा पारदर्शक झालेला. तिनं तो उचलला, पदरानं पुसल्यासारखं केलं आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही.

"आक्के, तू मधी पडू नगंस," मामा म्हणाले.

"मी कुठं पडतीया? ताट उचललं," आत्ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला मिरजेला घेऊन गेले. इस्पितळाच्या बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाले, "मी बाहेरच थांबतो. तू मोकळेपणानं बोल." त्यांच्या बाजूनं एवढीच माफी होती आणि मी ती घेतली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, आखूड केस, आवाज जाडा. मी बोलायला लागले आणि मला बोलताच येईना. शेवटी पिशवीतून पानांची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक पान उलगडलं, मग उठून तपासायच्या पलंगावर चौदाही पानं ओळीनं मांडली. कुठली खूण कशाची, ते मी सांगत गेले. त्या वाकून बघत होत्या. बोट ओलं केलं नाही त्यांनी.

"संबंधानंतर दुसऱ्या दिवशी उठता येत नव्हतं? प्रत्येक वेळी?"

"हो."

"पाळीत किती दुखतं?"

"उलट्या होतात. लग्नाच्या आधीपासून. आई म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं."

"सगळ्यांना असं दुखत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मे महिना उचलून उजेडाकडं धरला. "हे तेल कसलं?"

"भज्यांचं."

"आणि ही नोंद कुणी ठेवली?"

"मिस्टरांनी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "इतकी वर्षं प्रॅक्टिस करते, पण असा नवरा बघितला नाही हो. बायका येतात, 'कधीकधी दुखतं' म्हणतात, कधी ते त्यांनाही सांगता येत नाही. ह्यांनी चौदा महिने दिवसादिवसाचं लिहिलंय. नशीबवान आहात. इतकी काळजी घेणारा माणूस मिळायला भाग्य लागतं."

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग थांबेचना. पोट दुखायला लागलं तरी हसत होते. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. हसता हसताच मी त्यांना बैठकीचं सांगितलं. भजी, मामा, मोजलेले खाडे, 'असमर्थ'. सांगून झालं तेव्हा त्या मे महिना हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं. त्यांनी पान पलंगावर ठेवलं, बेसिनपाशी गेल्या आणि साबणानं हात धुतले. दोनदा धुतले.

मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"एक विचारते. तुम्हाला कधी हवंसं वाटायचं का?"

अडीच वर्षांत नवरा, सासू, कॉलनीतला डॉक्टर, मामा, पाहुणे, इतकी माणसं माझ्या त्या गोष्टीवर बोलली होती. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली. जुनं रक्त साचून झालेली, रंगानं काळपट. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात असं त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, नाव ठेवणारा माणूस कधी मळीच्या वासात राहिला नसणार. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेर, नको तिथं वाढतं, पाळी आली की तिथंही रक्ताळतं, आणि ते जायला वाट नसते. मग आतलं एकमेकाला चिकटत जातं. त्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. मी ते नाव पाठ केलं, तीनचारदा म्हणून बघितलं. मी थंड नव्हते. माझ्या दुखण्याला नाव होतं.

"अंग आवळून येतं ना, ते तुमचं नाटक नाही," त्या म्हणाल्या. "शरीर शहाणं असतं. चटका बसणार हे कळलं की हात आपोआप मागं येतो, तसंच ते."

आठवड्यानं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी धैर्यशील आला. हातात मोसंब्यांची पिशवी, डोळे खाली. अण्णा उठून बाहेर गेले.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "नीट सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं."

"होय, पण असं नाव घेऊन नाही ना सांगितलंस." तो पलंगाच्या कडेवर बसला. "मामा म्हणाले, झालं गेलं विसरा. तो स्टँपपेपर मी त्यांच्यासमोर फाडला. आई रोज विचारते तुला."

त्यानं मोसंबं सोलायला घेतलं. लांब बोटं, नीट कापलेली नखं. पांढरे धागे एकेक काढून त्यानं फोड माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली. खोटं कशाला सांगू, मी विरघळले. मनात म्हटलं, अडाणी आहे, वाईट नाही. मामांच्या धाकात वाढलेला माणूस. घरी गेल्यावर आधी ते कॅलेंडर काढायचं आणि त्या जागी दुसरं काहीतरी लावायचं. फूल, देव, काहीही. इतकं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. टाके बघितले, औषधं सांगितली. धैर्यशील हात बांधून उभा होता.

"मॅडम," त्यानं घसा साफ केला, "म्हणजे आता... किती दिवसांनी?"

"किती दिवसांनी काय?"

"म्हणजे आमचं... पूर्ववत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "सहा आठवडे तरी अजिबात नाही. आणि त्यानंतरही कधी, ते त्या सांगतील. दुखलं तर थांबायचं. आजार पुन्हा उलटू शकतो, त्यामुळं हे कायमचं लक्षात ठेवा. कळलं का?"

"हो, हो. कळलं," तो म्हणाला.

त्या पुढच्या पलंगाकडं गेल्या. धैर्यशील वळला. माझ्या उशाशी भिंतीवर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यानं खिशाचं पेन काढलं. एप्रिलच्या पानावर बोट ठेवून ओठातल्या ओठात मोजायला लागला. एक, दोन, तीन. पान उलटायला त्यानं बोट ओलं केलं. चार, पाच, सहा. मे महिन्यात एका तारखेवर त्यानं गोल काढला. सुरेख, गुळगुळीत. अजून न झालेल्या दिवसाचा गोल. मग पेन टेबलावर ठेवून तो माझ्याकडं बघून हसला. चांगलं हसला, खरंच आनंदानं.

मिरजेत कारखाना नाही. तरी मला मळीचा वास आला. त्या पांढऱ्या खोलीत, फिनेलच्या वासातून, भरभरून आला. ओठांवरच्या मोसंब्याच्या रसाचीसुद्धा किळस वाटली आणि मी तोंड चादरीला पुसलं.

"मला धरा जरा, उठायचंय," मी म्हटलं.

त्यानं हात दिला. मी टाके दाबून धरत उठले, भिंतीपाशी गेले. टेबलावरचं पेन घेतलं आणि त्याच्या गोलावर फुली मारली. इतकी जोरात की कागद फाटला.

"हे काय?" तो म्हणाला.

"खाडा," मी म्हटलं. "इथून पुढचे सगळे मांडून ठेवा. आणि अण्णांना आत पाठवा, मला घरी जायचंय. माझ्या घरी."

त्याला खरंच कळलं नाही. आपण काय केलं, हे त्याला अजूनही कळलं नसेल. जाताना दारातून तो पुन्हा त्या तारखेकडं बघत होता.

कोर्टात दोघांच्या संमतीनं झालं. वकिलांनी विचारलं, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "किळस." ते म्हणाले, ताई, कायद्यात असं कारण नाही. मग त्यांनी 'स्वभाव जुळत नाहीत' असं लिहिलं. धैर्यशील शेजारीच बसला होता, त्यानं न वाचता सही केली. मी अर्ज दोनदा वाचला. 'असमर्थ' हा शब्द कुठंही नाही, याची खात्री केली, आणि मग सही केली.